फ्रिजमधला मेणाचा ठोकळा

माझ्या सासऱ्यांच्या फुप्फुसाचा एक तुकडा अख्खा उन्हाळा आमच्या फ्रिजमध्ये, श्रीखंडाच्या डब्याशेजारी राहिला. हे कुणाला सांगितलं की ऐकणारा हातातला घास खाली ठेवतो, पण मला त्यात अजूनही काही वावगं वाटत नाही. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा नमुना मेणात बसवून त्याचा ठोकळा करतात, आणि आपल्याकडे तो मागितला की घरच्यांच्या हातात देतात. मग लोक तो मिठाईच्या खोक्यात घालून एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे हिंडवतात. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनीच, तो घरी आणला. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तो देवघराच्या खोलीत ठेवू दिला नाही. कपाटात ठेवावा तर लखनौच्या मे महिन्यात मेण वितळणार, अशी बाबांची ठाम समजूत.

"अहो बाबा, ते मेण एवढ्याशा उन्हानं वितळत नाही," मी म्हटलं. "मी रोज हाताळते असले ठोकळे."

"कपाटातलं तापमान मोजलंस?"

"नाही मोजलं."

"मग बोलू नकोस."

ठोकळा फ्रिजमध्ये गेला आणि आईंनी श्रीखंडाला हात लावणं सोडलं. आमची मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. मराठीत विचारलं तरी उत्तर हिंदीत द्यायची. ती गल्लीभर सांगत सुटली, "हमारे फ्रिज में आजोबा रखे हैं."

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. बाबा रेल्वेत पुलांचे इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर सोलापूरला परत न जाता ते आलमबागेत भाड्याच्या घरात आमच्याबरोबर राहिले, कारण सोडतीत त्यांना जानकीपुरममध्ये प्लॉट लागला होता. माझा नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, महिन्यातले निम्मे दिवस दौऱ्यावर. त्यामुळे घरात भांडायला बाबांना मी आणि मला बाबा. मी सांगलीची, आणि माझ्या जिभेला हाड नाही हे माहेरी सर्वमान्य होतं. सासरी आल्यावर ते पहिल्याच आठवड्यात मान्य झालं. आमचं भांडण सकाळच्या पेपरावरून सुरू व्हायचं आणि रात्रीच्या ताकापर्यंत चालायचं. दोघांचीही तब्येत त्यावर छान राहायची.

मग बाबांचा खोकला जाईना. पुलांच्या कामांवर त्यांनी वर्षानुवर्षं सिगारेटी ओढल्या होत्या. एक्स-रेत उजव्या फुप्फुसात गाठ दिसली, ऑपरेशन झालं, गाठ सगळी निघाली. सर्जन म्हणाले, "हमने अपना काम कर दिया, अब ऊपरवाले के हाथ में है." बाबांनी ते ऐकून घेतलं. घरी आल्यावर म्हणाले, "पुलाचं काम मी असं वर सोपवलं असतं, तर मला नोकरीवरून काढलं असतं."

त्यांचा प्रश्न साधा होता आणि तो त्यांनी घरात सगळ्यांसमोर मांडला. जानकीपुरमच्या घराचा नकाशा तयार होता: खाली ते दोघं, वर आम्ही. हाताशी वेळ असेल तर दोन मजली घर बांधायचं. नसेल तर आईंपुरत्या दोन खोल्या घाईनं उठवायच्या. अर्धवट बांधकाम आईंच्या गळ्यात टाकून मरायची त्यांची तयारी नव्हती. "मला अंदाज द्या," ते म्हणायचे. "पक्का नको. पण मातीची परीक्षा केल्याशिवाय मी आजवर कुठं पाया घातलेला नाही."

आणि नेमकी असल्याच अंदाजाची नोकरी मी करत होते. आमच्या प्रयोगशाळेत फुप्फुसाच्या गाठींचा अभ्यास चालायचा. एका विशिष्ट जनुकात एका ठरावीक जागी एक अक्षर बदललेलं असलं, तर तो कॅन्सर लवकर उलटतो आणि माणूस लवकर जातो, असं तेव्हा बाहेरच्या देशांतले लोक लिहीत होते. आपल्याकडच्या रुग्णांत तसंच दिसतं का, हे आम्ही बघत होतो. मेणाच्या ठोकळ्याचा पातळ काप घ्यायचा, मेण विरघळवायचं, पेशींतला डीएनए काढायचा आणि मग पीसीआर मशीनमध्ये त्या एवढ्याशा जागेच्या असंख्य प्रती काढायच्या. नंतर त्यात एक एन्झाइम घालायचं. ते निरोगी प्रत कापतं आणि बदललेली प्रत सोडून देतं. मग सगळं एका पारदर्शक जेलीच्या वडीवर चढवायचं. वडीत ओळीनं खाचा असतात, प्रत्येक नमुन्याला त्याचं घर. यूव्ही दिव्याखाली न कापलेली नारिंगी रेघ दिसली, की त्या गाठीत बदल आहे.

हे सगळं बाबांना मीच कधीतरी जेवताना सांगून बसले होते. आता ते रोज विचारायचे, "माझा ठोकळा कधी नेतेस?"

"तसं चालत नाही, बाबा. आमच्याकडे नावं नसतात, नंबर असतात. निकाल रुग्णाला सांगत नाहीत."

"का?"

"कारण त्यावरून उपचार बदलत नाहीत. सांगून उपयोग काय?"

"माझा पाया बदलतो," बाबा म्हणाले.

शेवटी ते स्वतः आमच्या सरांना भेटायला आले. सर पक्के लखनवी. बाबा उभ्याउभ्या मुद्द्यावर यायला बघायचे आणि सर म्हणायचे, "पहले चाय तो लीजिए, जनाब." चहा झाला, बिस्किटं झाली, पुलांच्या गप्पा झाल्या. मग सर म्हणाले की हा फक्त अभ्यास आहे, हा निकाल म्हणजे काही भविष्य नव्हे. बाबा म्हणाले, "मैं भविष्य नहीं, लोड फैक्टर पूछ रहा हूँ." किती भार धरून बांधायचं, त्याचा हा पुलांवरचा हिशेब सरांना फार आवडला. रीतसर संमती घेऊन बाबांचा ठोकळा अभ्यासात आला आणि फ्रिजमधली त्याची जागा मोकळी झाली. आईंनी तो कप्पा तीनदा पुसला आणि त्याच संध्याकाळी श्रीखंड खाल्लं.

आता आमच्या प्रयोगशाळेची रीत सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथंच अडलं. पिपेटच्या टोकाला प्लॅस्टिकच्या छोट्या टिप्स लावतात. एकदा वापरायची आणि फेकायची, असं त्यांच्या पाकिटावर छापलेलं असायचं. आम्ही ते वाचून हसायचो. टिप्स परदेशातून यायच्या, मागवल्या की येईपर्यंत ऋतू बदलायचा. म्हणून वापरलेल्या टिप्स आम्ही साबणाच्या पाण्यात भिजवायचो, खळखळून धुवायचो, उन्हात वाळवायचो आणि वाफेच्या मोठ्या कुकरमधून काढून पुन्हा वापरायचो. दही लावायच्या भांड्यासारखी आम्ही त्यांची निगा राखायचो. टिप्स सगळ्यांत स्वच्छ मी धुते, असा माझा लौकिक होता. दुसरी काटकसर म्हणजे वडीतली घरं मोजकी, म्हणून पहिल्या वडीवर आम्ही सगळे नमुनेच बसवायचो. डीएनएच्या जागी नुसतं पाणी घातलेली नळी चढवायची असते, चाचणी चोख आहे हे बघायला. ती आम्ही नंतरच्या वडीवर ढकलायचो.

बाबांचा नमुना लागला त्या दिवशी दिव्याखाली त्यांच्या घरात स्वच्छ नारिंगी रेघ होती. मी नंबर पुन्हा ताडून पाहिला. मग दिवा बंद केला, स्कूटर काढली, वाटेत भाजी घेतली आणि घरी आले. कुणाला काही सांगायचं नाही हे मी पक्कं ठरवलं होतं.

जेवताना बाबा म्हणाले की आमटी पातळ झाली आहे. मी म्हटलं, "हो, जरा झालीच." मग म्हणाले की तुमच्या सांगलीकडे आमटीला आमटी म्हणतात हेच आश्चर्य. मी म्हटलं, "उद्या दाट करते."

बाबांनी वाटी खाली ठेवली. आईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आहे म्हणजे," ते म्हणाले.

"काय आहे?" आईंनी विचारलं.

"हिनं सांगलीवर ऐकून घेतलं. आहे."

मी तोंड उघडलं, पण खोटं बोलायचं असलं की मला शब्द सापडत नाहीत. मी रडायलाच लागले. बाबा मात्र उठून नकाशा घेऊन आले आणि पेन्सिलीनं वरचा मजला सरळ खोडून टाकला. "बरं झालं कळलं," म्हणाले. "सोमवारी खणायला सुरुवात." आई बाबांच्या वाटीत आमटी वाढत राहिल्या. ती रात्र मला अजूनही आठवायला नको वाटते.

सोमवारी खरोखरच जानकीपुरमला कुदळ पडली. बाबा छत्री, फोल्डिंग खुर्ची आणि पाण्याची सुरई घेऊन दिवसभर तिथं बसायचे. दोन खोल्या, विटांच्या साध्या भिंती, पिलर नाहीत, उथळ पाया.

इकडे प्रयोगशाळेत सर हवेत होते. एकामागून एक नमुन्यांत रेघ येत होती. बाहेरच्या लोकांना थोड्यांतच बदल सापडला होता, आमच्या इथं जवळजवळ सगळ्यांत. "लखनऊ के फेफड़ों की बात ही अलग है," सर म्हणायचे आणि शोधनिबंधाचं शीर्षक घोळवत बसायचे. मला ते खटकत होतं. बाबांसाठी मन मानत नव्हतं म्हणून खटकत होतं की खरंच काही खटकण्यासारखं होतं, हे मला सांगता आलं नसतं. निरोगी माणसाचा नमुना म्हणून आम्ही माझंच रक्त वापरायचो. तेही राहिलेल्या नमुन्यांबरोबर उरकावं म्हणून मी एका दुपारी ते आणि पाण्याची नळी, दोन्ही एका वडीवर चढवलं.

माझ्या रक्तात रेघ होती. ठसठशीत. पाण्यातही होती, आणि ती माझ्यापेक्षा ठळक होती.

मी सरांना हाक मारली. सर आले, वाकून बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "ये पानी कहाँ का है?"

"अपने ही नल का, सर. छना हुआ, उबला हुआ."

"तो पानी को भी कैंसर है," सर म्हणाले आणि स्टुलावर बसले. मग आम्हा दोघांनाही हसू फुटलं, असं की बाजूच्या खोलीतले लोक बघायला आले. बदल असलेल्या गाठीचा एक पक्का नमुना आमच्याकडे तुलनेसाठी होता. त्याच्या प्रती टिप्सच्या आत चिकटून बसल्या होत्या. साबणानं त्या जात नव्हत्या, वाफेनं मरत नव्हत्या, आणि माझ्या स्वच्छ धुतलेल्या टिप्समधून त्या आम्ही लखनौतल्या प्रत्येक फुप्फुसात घालत होतो. पाकिटावर छापलेलं वाक्य आमच्यावर हसत होतं. सरांचा शोधनिबंध तिथंच संपला, पण त्या माणसानं त्याचं दुःख केलं नाही. उरलेल्या सगळ्या टिप्स त्यांनी स्वतः कचऱ्याच्या बादलीत ओतल्या.

मी स्कूटर दामटत घरापेक्षा दुप्पट लांब असलेलं जानकीपुरम गाठलं. बाबा खुर्चीत बसले होते. पायाच्या विटा जमिनीच्या वर आल्या होत्या.

"बाबा, चाचणी चुकली! सगळ्यांची चुकली! नुसत्या पाण्यातही रेघ आली! तुमच्यात आहे की नाही, काहीच माहीत नाही!"

मला वाटलं ते आनंदतील. ते उभे राहिले आणि जे भडकले! "अगं मग हे काय आहे?" छत्रीचं टोक विटांकडे. "या पायावर वरचा मजला चढतो का? आधी पाण्याची परीक्षा घ्यायची हे तुला कळत नाही? रिकाम्या पुलाचं माप न घेता पुलाची चाचणी घेतली कधी कुणी?"

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं सोमवारी खणायला?"

"तू! आमटीवर गप्प बसून!"

त्या मोकळ्या माळावर आम्ही इतके भांडलो की मजुरांनी काम थांबवलं. मला इतकं हलकं वाटत होतं की आणखी तासभर भांडता आलं असतं. शेवटी बाबांनी मिस्त्रीला बोलावलं, विटा उचकटायला लावल्या, खोल खड्डे घेतले आणि पिलर उभे करायचं ठरवलं. दोन मजल्यांचे. नकाशावरचा खोडलेला मजला आईंनी खोडरबरानं रेघा पुसून परत काढला.

नव्या टिप्स यायला पाऊस संपून थंडी उजाडली. तोवर घराच्या चौकटी बसल्या. या वेळी आम्ही सगळं नव्यानं केलं: वेगळी खोली, वेगळी पिपेट, नवी टिप प्रत्येक थेंबाला, वापरली की बादलीत. टिप फेकताना दर वेळी माझा हात आपोआप साबणाच्या पाण्याकडे वळायचा. पाण्याची नळी पहिल्या घरात.

निकाल आला त्या दिवशी जानकीपुरमला स्लॅब होता. तिकडे त्याला लेंटर म्हणतात आणि त्या दिवशी घरधन्यानं मजुरांना पुरी-सब्जी खिलवायची असते. आई पहाटेपासून साइटवर कढई मांडून बसल्या होत्या. मी पोहोचले तेव्हा काँक्रीटचा मिक्सर घरघरत होता, डोक्यावर घमेली घेतलेल्या बायका फळ्यांवरून चढत-उतरत होत्या, आणि बाबा खाली उभे राहून मान वर करून सगळ्यांवर एकदम ओरडत होते. मला बघितलं तसे बाजूला आले.

"पाणी?" त्यांनी विचारलं.

"स्वच्छ."

"तुझं रक्त?"

"स्वच्छ. बाकीचेही बरेचसे स्वच्छ आले."

"मग माझं सांग."

"तुमच्यात आहे, बाबा."

ते सिमेंटच्या पोत्यांवर बसले. मी शेजारी बसले. मग ते म्हणाले, "मागच्या वेळी मी सोमवारी खणायला सांगितलं ना, ते घाबरून. आज पण भीती वाटते गं मला."

"मलाही वाटते," मी म्हटलं.

"ज्यांच्यात असतं ते सगळे लवकर जातात?"

"नाही. त्यांच्यात लवकर जाणारे जास्त असतात, एवढंच. बाकीचे राहतात."

"ते का राहतात?"

"माहीत नाही, बाबा. कुणालाच माहीत नाही."

इतक्यात वरून मिस्त्रीनं हाक दिली. पिलरच्या सळ्या स्लॅबच्या वर निघाल्या होत्या. "बाबूजी, सरिया यहीं कटवा दें? कि ऊपर के लिए छोड़ना है?"

बाबा उठले. पँटवरचं सिमेंट झटकलं. "छोड़ो," ते ओरडले. "पूरा छोड़ो, एक इंच मत काटना!" आणि मग ओरडता ओरडता मिक्सरकडे गेले, कारण मधेच काम थांबलं तर स्लॅब सांध्यातून गळतो आणि तिथं कुणाला त्याची अक्कल नव्हती. आईंनी लांबून सगळं बघितलं होतं. एक गरम पुरी हातात दिली आणि म्हणाल्या, "खा, आणि आता पुऱ्या लाट."

वरचा मजला पुढच्या वर्षी झाला. बाबांनी स्वतः उभं राहून बांधून घेतला. भिंती उठल्यावर त्यांनी जाहीर केलं की वर तेच राहणार, कारण वर वारा चांगला येतो. आम्हाला खालचा मजला मिळाला. जिना चढायची परीक्षा त्यांना रोज द्यायची होती, हे मला उशिरा कळलं.

अशा अभ्यासात नुसती रेघ बघून भागत नाही. दर वर्षी प्रत्येक रुग्ण आहे की गेला, हे विचारून लिहावं लागतं. बाकीच्यांना आम्ही पोस्टकार्डं पाठवायचो. काहींची उत्तरं मुलांच्या अक्षरात यायची आणि मग ती न वाचताच कळायची. बाबांच्या नंबरासाठी मी जिन्याच्या खाली उभी राहून हाक मारायची.

"बाबा, आहात का?"

"आहे! लिही!"

पहिल्या वर्षी ती हाक मी भीत भीतच मारली होती. नंतर नंतर ती आमच्या घरची गंमत झाली. मुलगीही खालून ओरडायची, "आजोबा, हो कि नहीं?" रेघ असलेल्यांतले काही खरंच गेले, काही राहिले. रेघ नसलेल्यांतलेही गेले. आमच्या तेवढ्याशा नमुन्यांवरून ठामपणे काही म्हणता आलं नाही आणि सरांनी निबंधात तसंच प्रामाणिकपणे लिहिलं.

दशक संपत आलं तेव्हा अभ्यासाचं अनुदान संपलं, आणि त्याबरोबर माझी नोकरीही. मी वर गेले. बाबा गच्चीच्या दाराशी खुर्चीत पेपर वाचत होते. मी सांगितलं, "अभ्यास बंद झाला, बाबा. आता दर वर्षीचं ते विचारणं नाही."

मला वाटलं ते काहीतरी टोमणा मारतील. त्यांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला.

"मग आता मला विचारणार कोण?" ते म्हणाले.

"मी विचारीन."

"नोकरी नसताना?"

"नोकरी नसताना."

ते खुर्चीत सरसावून बसले. मग म्हणाले, "मग आत्ताच विचार."

मी विचारलं.